रात्रभराचा दशावतार आणि अडखळणारी टाइमलाइन : शटर एन्कोडरचे परीक्षण

सिंधुदुर्गात कार्तिक लागला की जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या हंगामात दशावतारी नाटकांचे चित्रीकरण करण्याचे काम मी गेली काही वर्षे आवडीने करीत आलो आहे. नाटक रात्री उशिरा उभे राहते. आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात, गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात, मग आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. म्हणून एका रात्रीचा प्रयोग दुसऱ्या रात्रीसारखा होत नाही आणि जे त्या रात्री टिपले गेले नाही ते पुन्हा सापडत नाही. मंडळाच्या संमतीने मी दोन कॅमेरे लावतो. एक संपूर्ण रंगमंच दाखवतो, दुसरा चेहऱ्यांवर असतो. पेटी आणि मृदंगाजवळ आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर ठेवतो. एका प्रयोगाचे साधारण पाच तासांचे चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यात साठते.

अडचण चित्रीकरणात कधी आली नाही, ती संकलनाला बसल्यावर आली. माझ्या लॅपटॉपमध्ये सहा गाभ्यांचा प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी आहे. चार-पाच वर्षांपूर्वीचा असला तरी बाकी सर्व कामे तो विनातक्रार करतो. मात्र दोन कॅमेऱ्यांच्या ४के क्लिप एकावर एक ठेवून टाइमलाइनवर, म्हणजे संकलनात क्लिप मांडायच्या पट्टीवर, पुढे-मागे सरकू लागलो की चित्र थिजायचे, आवाज पुढे निघून जायचा आणि संकासुराने ज्या क्षणी मान वळवली तो नेमका क्षण पकडण्यासाठी दहादा प्रयत्न करावे लागायचे. नवा संगणक घ्या, असे मला अनेकांनी सुचवले. तो घेण्यापूर्वी मी शटर एन्कोडर हे चित्रफिती एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलणारे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिले. एक संपूर्ण हंगाम त्यावर काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

सॉफ्टवेअरविषयी सांगण्याआधी चित्र का अडखळते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते कळले नाही तर त्यातील पन्नास पर्यायांपैकी कोणता निवडावा हे कधीच कळणार नाही. आजचे बहुतेक कॅमेरे आणि फोन एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने चित्रण साठवतात. पहिली पद्धत २००३ मध्ये आणि दुसरी २०१३ मध्ये प्रमाणित झाली. दोन्हींचा मूळ हेतू कमी जागेत चांगले चित्र बसवणे हा आहे. त्यासाठी त्या प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण साठवत नाहीत. किराणा दुकानातील उधारीची वही डोळ्यांसमोर आणावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण बाकी लिहिली जाते आणि नंतर रोज केवळ वाढ-घट नोंदवली जाते. तेरा तारखेची बाकी विचारली तर दुकानदाराला एक तारखेपासून बेरीज करीत यावे लागते. कॅमेऱ्याची फाइल अशीच असते. अर्ध्या किंवा एका सेकंदाला एखादी चौकट संपूर्ण, मधल्या चौकटींत फक्त फरक, आणि त्यांतल्या काही तर अशा की ज्यांचा उलगडा होण्यासाठी पुढची चौकटही आधी वाचावी लागते.

सरळ पाहत गेलो तर हे फारसे जाणवत नाही, कारण बेरीज ओघातच होत जाते. संकलनात मात्र आपण सरळ जातच नाही. आपण मागे येतो, चार चौकटी पुढे जातो, पुन्हा दोन मागे येतो, मध्येच दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. प्रत्येक उडीला संगणकाला मागची पूर्ण चौकट शोधून तिथपासून बेरीज करावी लागते, आणि ४के चित्रात ही बेरीज ऐंशी लाखांहून अधिक बिंदूंची असते. संगणकातील ग्राफिक्सचा भाग यात मदत करतो, पण प्रत्येक प्रकारच्या फाइलला नाही. उदाहरणार्थ, अनेक नव्या कॅमेऱ्यांत मिळणारे दहा बिटचे ४:२:२ (रंग अधिक बारकाईने साठवणारे) चित्रण थेट हार्डवेअरवर उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. महागडे कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते अशी तक्रार करणाऱ्यांनी ही बाब आधी तपासावी.

याउलट प्रोरेस, डीएनएक्सएचआर, सिनेफॉर्म या संकलनासाठीच घडवलेल्या पद्धती आहेत. त्यांत प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असते, म्हणजे वहीच्या प्रत्येक पानावर पूर्ण बाकी लिहिलेली असते. कुठलेही पान उघडा, उत्तर तिथेच मिळते. किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती किती हे मी पुढे सांगणार आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली.

शटर एन्कोडर हे पॉल पॅसिफिको यांनी तयार केलेले, मुक्त परवान्याखाली असलेले सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. प्रत्यक्ष रूपांतराचे काम त्याच्या पोटातले एफएफएमपेग करते. फॅब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प आज चित्रफितींशी संबंधित असंख्य सॉफ्टवेअरचा पाया झालेला आहे. एफएफएमपेग स्वतः मात्र आज्ञा टंकून वापरावे लागते. एखादे अक्षर चुकले तर आज्ञा नाकारली जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी स्वीकारली जाऊन भलतेच काहीतरी तयार होते. शटर एन्कोडरने या सामर्थ्याला एक खिडकी दिली. हे वाक्य मी प्रशंसेच्या भरात लिहीत नाही. आज्ञा टंकण्याचा प्रयत्न मी आधी दोन महिने प्रामाणिकपणे केला होता आणि प्रत्येक वेळी जुनी वही काढून मागची आज्ञा उतरवून घेत होतो.

खिडकीची मांडणी सरळ आहे. डावीकडे फाइलींची यादी असते, तिच्यात कॅमेऱ्याचे संपूर्ण फोल्डर ओढून टाकता येते. तिच्याखाली कोणते काम करायचे ते निवडण्याची सूची आणि काम सुरू करण्याचे बटण आहे. काम निवडले की उजवीकडे त्या कामापुरते पर्याय उलगडतात : चित्राचा आकार, आवाजाची पद्धत, रंगांची दुरुस्ती, चौकटींचा वेग इत्यादी. पहिल्या दिवशी ही सूची पाहून छाती दडपते, हे मान्य केले पाहिजे. निम्मी नावे प्रसारण वाहिन्यांच्या कामाची आहेत आणि आपल्यासारख्यांना त्यांच्याशी कधीच कर्तव्य नसते. मला वर्षभरात पाचच कामांची गरज पडली. त्यांतले डीएनएक्सएचआर हे मुख्य.

प्रोरेस की डीएनएक्सएचआर, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो. प्रोरेस अ‍ॅपलने २००७ मध्ये आणले, डीएनएक्सएचआर हे अ‍ॅव्हिड या कंपनीचे. चित्राच्या गुणवत्तेत डोळ्यांना कळेल असा फरक मला दिसलेला नाही. मात्र एफएफएमपेगमधील प्रोरेस अ‍ॅपलच्या अधिकृत यादीतले नाही. अशा अनधिकृत रचनांमुळे फाइल उलगडताना चुका होऊ शकतात, असे अ‍ॅपल स्वतः बजावते. माझ्या फाइलींत तसे काही घडले नाही, तरीही विंडोजवर काम करणाऱ्याने डीएनएक्सएचआर घ्यावे आणि फाइल कोणा व्यावसायिक संस्थेला सुपूर्द करायची असेल तर त्यांना हवे ते आधी विचारून घ्यावे, असे माझे मत आहे. मॅकवर फायनल कट हे संकलनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी प्रोरेस ओघानेच येते, आणि अ‍ॅपलच्या २०२१ च्या एम१ प्रो व त्यापुढील तशा चिपमध्ये प्रोरेससाठी खास यंत्रणा असल्याने त्यांना तर ते फुलासारखे हलके जाते.

डीएनएक्सएचआर निवडल्यावर पाच पायऱ्या दिसतात : एलबी, एसक्यू, एचक्यू, एचक्यूएक्स आणि ४४४. इथे एक सापळा आहे आणि सॉफ्टवेअर त्याविषयी मोठ्याने काही सांगत नाही. पहिल्या तीन पायऱ्या आठ बिटच्या आहेत. कॅमेरा दहा बिटमध्ये चित्रण करीत असेल आणि आपण ‘एचक्यू म्हणजे उच्च दर्जा’ असे समजून तिसरी पायरी घेतली, तर रंगांच्या छटांची संख्या मुकाट्याने घटते. दिवसाउजेडी ते कळणार नाही. जत्रेतील रात्रीच्या काळोखात, जिथे कनातीच्या कडेला प्रकाश हळूहळू विझत जातो, तिथे मात्र रंग उजळू लागलो की पट्टे उमटतात. दहा बिटच्या फुटेजला एचक्यूएक्सच घ्यावे. उलट, आठ बिटचे ४:२:० (कमी रंगमाहितीचे) चित्रण एचक्यूएक्समध्ये बदलले म्हणून त्यात नवी माहिती येत नाही, फाइल तेवढी फुगते.

आता जागेचा हिशेब. माझा मुख्य कॅमेरा ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने साठवतो, म्हणजे तासाला ४५ जीबी आणि पाच तासांच्या प्रयोगाला २२५ जीबी. पहिल्या वेळी मी उत्साहाने सर्व फुटेज मूळ आकारातच सर्वोच्च दर्जात रूपांतरित करायला घेतले. अ‍ॅपलच्या तक्त्याप्रमाणे ४के आकाराचे, २५ चौकटींचे प्रोरेस ४२२ एचक्यू सेकंदाला ७३७ मेगाबिट घेते, आणि डीएनएक्सएचआरच्या वरच्या पायऱ्याही साधारण त्याच घरात जातात. तासाला ३३० जीबीच्या आसपास, पाच तासांना दीड टेराबाइटहून अधिक, आणि हा झाला एकाच कॅमेऱ्याचा हिशेब. माझी दोन टेराबाइटची डिस्क दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फाइली अर्ध्या होण्याआधीच भरली.

त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढे घडली. ज्या फाइली तयार झाल्या होत्या त्या टाइमलाइनवर ठेवल्या, तर दोन कॅमेरे एकत्र लावताच चित्र पुन्हा अडखळू लागले. कारण शोधल्यावर लक्षात आले की अडथळा दूर झालाच नव्हता, त्याने केवळ जागा बदलली होती. ७३७ मेगाबिट म्हणजे सेकंदाला ९२ मेगाबाइट, दोन कॅमेऱ्यांचे १८४. फिरत्या तबकडीची साधी पोर्टेबल डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे फारशी जात नाही. आधी प्रोसेसर दमत होता, आता डिस्क दमू लागली. मोठ्या फाइली करून काम सुकर होते असे सरसकट सांगणाऱ्यांनी हा गुणाकार सहसा केलेला नसतो.

यातून जी पद्धत हाती आली तिच्यासाठीच मी हे साधन शिफारस करण्याजोगे मानतो. मूळ फाइलींना हात लावायचा नाही. त्यांच्या लहान आकाराच्या, संकलनाला हलक्या अशा प्रती करायच्या, म्हणजेच प्रॉक्सी. संकलन त्या प्रतींवर करायचे आणि शेवटी अंतिम फाइल काढताना सॉफ्टवेअरला मूळ फाइली वापरायला सांगायच्या. शटर एन्कोडरमध्ये मी डीएनएक्सएचआर एलबी निवडतो, आकार १९२० बाय १०८० करतो आणि आवाज असंपीडित पीसीएम ठेवतो. या आकाराला सेकंदाला सुमारे ३६ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला १६ ते १७ जीबी. पाच तासांचा प्रयोग ८५ जीबीच्या आत बसतो, दोन्ही कॅमेरे मिळून १७०. साध्या पोर्टेबल डिस्कवरूनही दोन्ही कॅमेरे एकत्र चालतात आणि मागे-पुढे कितीही सरकले तरी चित्र बोटाबरोबर येते.

प्रॉक्सी मूळ फाइलीशी नीट जुळावी यासाठी काही पथ्ये आहेत. फाइलीचे नाव तेच हवे. शटर एन्कोडर नावाच्या पुढे-मागे शब्द जोडण्याची सोय देते, ती इतर कामांत उपयोगी आहे, प्रॉक्सीसाठी वापरू नये. प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, अन्यथा एकाच नावाच्या दोन फाइलींचा घोळ होतो. चौकटींचा वेग आणि टाइमकोड (प्रत्येक चौकटीचा वेळदर्शक क्रमांक) मूळ फाइलीप्रमाणेच हवेत. आवाजाच्या वाहिन्यांची (चॅनलची) संख्याही तीच हवी. प्रीमियर प्रो हे संकलनाचे सॉफ्टवेअर तर वाहिन्या वेगळ्या असल्यास प्रॉक्सी जोडून घेण्यास नकारच देते. हे सर्व एकदा नीट बसवून सेटिंग साठवून ठेवले की पुढच्या प्रयोगाला केवळ फोल्डर ओढायचे आणि बटण दाबायचे एवढेच काम उरते. माझ्या दृष्टीने या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. दीडशे क्लिप एका रांगेत लावून ते न कुरकुरता एकेक संपवत जाते आणि एखादी फाइल बिघडलेली निघाली तर ती बाजूला ठेवून पुढे सरकते.

फोनवरील चित्रणाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मराठी वाचकांपैकी बहुतेकांना भेडसावत असणार, कारण लग्न असो वा गणपतीची मिरवणूक, निम्मे चित्रण आता फोनवरच होते. फोन चौकटींचा वेग स्थिर ठेवत नाही. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की तो सेकंदाला तीसऐवजी एकोणतीस, सत्तावीस अशा चौकटी घेऊ लागतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरला स्थिर वेगाची अपेक्षा असल्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज तासाभराने ओठांपासून सुटतो. एका प्रयोगात प्रेक्षकांतून केलेले फोनचे चित्रण मी वापरले होते. आख्यानाच्या शेवटी युद्धनृत्य आले तेव्हा मृदंगाची थाप आणि पायाचा ठेका यांत इतके अंतर पडले होते की तो भाग टाकून द्यावा लागला. त्यानंतर फोनच्या प्रत्येक फाइलीला शटर एन्कोडरमध्ये चौकटींचा स्थिर वेग ठरवून दिल्याशिवाय मी ती टाइमलाइनवर घेत नाही. इथे प्रॉक्सीची युक्ती पुरत नाही, कारण खोट मूळ फाइलीतच असते. म्हणून फोनच्या फाइलींचे पूर्ण दर्जाचे रूपांतर करून पुढे तीच फाइल मूळ मानावी लागते. फोनच्या क्लिप सहसा छोट्या असल्याने जागेचा बोजा सोसवतो.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना तर रूपांतर टाळताच येत नाही. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ फाइली उघडत नाही, आणि एएसी पद्धतीचा आवाजही वाचत नाही. कॅमेऱ्याची फाइल आत घेतली तर चित्र नाही आणि आवाजही नाही, अशी अवस्था होते. डीएनएक्सएचआर आणि पीसीएम या जोडीने ती अडचण पूर्णपणे सुटते.

रूपांतर न करता होणारी कामेही या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि ती अनेकांच्या लक्षातच येत नाहीत. जुन्या हँडीकॅममधील एमटीएस फाइली ही त्याची उत्तम उदाहरणे. २००६ साली सोनी आणि पॅनासोनिक यांनी आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या या फाइली काही सॉफ्टवेअरना खपत नाहीत. पुष्कळदा आतले चित्र ठीक असते, त्याचे वेष्टन तेवढे परके असते. ‘रीरॅप’ हे काम वेष्टन बदलते आणि आतल्या चित्राला स्पर्श करीत नाही. तासाची फाइल काही क्षणांत होते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. तसेच ‘मर्ज’ हे काम कॅमेऱ्याने तोडलेले तुकडे जोडते. एफएटी३२ प्रणालीच्या कार्डवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा सलग चित्रणाचे तुकडे पाडतो, आणि नाटकातील एखादे पद नेमके दोन तुकड्यांत विभागले जाते. ते सर्व एका सलग फाइलीत आले की आवाजाच्या वेगळ्या रेकॉर्डिंगशी जुळवणी एकदाच करावी लागते. पुन्हा संकोचन न करता फाइल कापण्याचेही काम आहे. मात्र त्यात काप नेहमी पूर्ण चौकटीवरच पडतो, त्यामुळे हव्या त्या जागेच्या थोडे आधीपासून फाइल सुरू होते. हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, वर सांगितलेल्या उधारीच्या वहीसारख्या रचनेचा आहे. नाटकाआधीची रिकामी अर्धा-पाऊण तासांची वाट पाहणी काढून टाकायला ते पुरेसे आहे.

हँडब्रेक या रूपांतराच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे नाव या संदर्भात वारंवार घेतले जाते, म्हणून त्याविषयीही. ते उत्तम साधन आहे आणि तयार झालेला प्रयोग मंडळातील लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पेनड्राइव्हवर देण्यासाठी मी तेच वापरतो. त्याचा मूळ रोख पाहण्यासाठी लहान फाइल तयार करण्याकडे आहे. संकलनासाठी त्यात खास सेटिंग दिलेली असली तरी वेष्टन बदलणे, तुकडे जोडणे, चौकटींचा वेग बसवणे ही सर्व कामे एका छताखाली मला शटर एन्कोडरमध्येच मिळाली. रिझॉल्व्ह स्वतःही प्रॉक्सी तयार करते आणि ज्यांचे सर्व काम रिझॉल्व्हमध्येच होते त्यांनी आधी तीच सोय वापरून पाहावी, त्यात नावे जुळवण्याची यातायात वाचते. माझे चित्रण कधी रिझॉल्व्हमध्ये, कधी केडेनलाइव्हमध्ये जाते आणि एका मित्राकडे प्रीमियरमध्ये जाते. तिघांनाही चालतील अशा प्रती आधीच तयार असणे मला सोयीचे पडते.

उणिवाही स्पष्ट मांडल्या पाहिजेत. वेगाच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. डीएनएक्सएचआर तयार करण्याचे ओझे प्रोसेसरवरच पडते, ग्राफिक्स कार्ड त्यात कामाला येत नाही. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही कॅमेऱ्यांच्या प्रॉक्सी व्हायला जवळपास संपूर्ण रात्र लागते. पंखा सतत फिरतो आणि लॅपटॉपखाली हवा खेळती ठेवावी लागते. पर्यायांची नावे जाणकारांसाठी लिहिलेली आहेत आणि एखाद्या पर्यायाचा परिणाम काय होईल हे तिथल्या तिथे समजावून सांगितलेले नाही. मला पाच पायऱ्यांतील आठ आणि दहा बिटचा फरक कळायला बराच काळ गेला, तो एका ओळीच्या सूचनेने कळू शकला असता.

प्रकाशाच्या पातळ्यांचा एक मुद्दाही सांगतो, कारण तो फसवा आहे. काही फोन आणि कॅमेरे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची संपूर्ण पट्टी वापरून चित्र साठवतात, तर संकलनाच्या पद्धती प्रसारणाच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही टोके राखून ठेवतात. रूपांतरात ही खूण नीट पोहोचली नाही तर चित्र फिके तरी दिसते किंवा काळोखातले तपशील बुडतात तरी. दशावताराच्या चित्रणात हे लगेच डोळ्यांत भरते, कारण नटाच्या चेहऱ्यावरील पांढरा रंग आणि मागचा काळोख ही दोन्ही टोके एकाच चौकटीत असतात. म्हणून नव्या कॅमेऱ्याची पहिली क्लिप रूपांतरित केल्यावर मूळ आणि प्रत शेजारी शेजारी ठेवून, एकाच चौकटीवर थांबून संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील प्रकाशाच्या आलेखात दोन्हींच्या पातळ्या पाहाव्यात. एकदा जुळल्या की त्या कॅमेऱ्यापुरते ते काम कायमचे झाले.

आणखी एक गोष्ट अनुभवाने शिकलो. पावसाळ्यात रात्रीचे रूपांतर लावून झोपलो असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी होती, पण ज्या मोठ्या डिस्कवर फाइली लिहिल्या जात होत्या ती वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी होती. सकाळी यादीतली पंधरावी फाइल ३ जीबी भरलेली होती, तरीही कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये ती उघडेना. एमओव्ही फाइलीची अनुक्रमणिका काम संपताना शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वी काम तुटले तर आतले चित्र असून नसल्यासारखे होते. तेव्हापासून रूपांतर नेहमी लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर करतो आणि झाल्यावर प्रती बाहेर हलवतो. प्रत्येक फाइलीची लांबी मूळ फाइलीशी ताडून पाहतो, सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघतो, आणि मूळ कार्डे तोवर पुसत नाही. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर असल्याशिवाय तर मुळीच पुसत नाही. प्रती पुन्हा करता येतात, प्रयोग पुन्हा करता येत नाही.

घ्यावे की न घ्यावे, या प्रश्नाला पैशांचा अडसर नाही. सॉफ्टवेअर मोफत आहे, देणगी ऐच्छिक आहे. एका हंगामानंतर मी ती दिली. डाउनलोड मात्र त्याच्या स्वतःच्या अधिकृत पानावरूनच करावे. ज्यांचे चित्रण आठ बिटचे, १०८० आकाराचे आणि एकाच कॅमेऱ्याचे आहे, त्यांना कदाचित रूपांतराची गरजच पडणार नाही. त्यांनी उगाच डिस्क भरू नये. ज्यांच्याकडे ४के चित्रण, एकाहून अधिक कॅमेरे किंवा फोनच्या फाइली आहेत आणि संगणक तीन-चार वर्षांहून जुना आहे, त्यांनी नव्या संगणकाचा खर्च करण्यापूर्वी एक रात्र या सॉफ्टवेअरला द्यावी. माझा नवा लॅपटॉप अजून घ्यायचा राहिला आहे आणि सध्या घाईही नाही.

गेल्या महिन्यात मंडळातील पेटी वाजवणारे बुवा घरी आले होते. त्यांना एका रात्रीच्या आख्यानातील एका पदाची चाल कुठे बदलली ते पाहायचे होते. पूर्वी अशा वेळी मी त्यांना चहा देऊन थांबायला सांगत असे, कारण ती जागा सापडून चित्र हलू लागेपर्यंत बराच वेळ जाई. या वेळी ते माझ्या शेजारी बसले, कान पुढे केला आणि म्हणाले, “परत लाव रे.” मी मागे घेतले. “अजून एकदा, जरा अगोदरपासून.” पुन्हा घेतले. सात-आठ वेळा ते तिथेच मागे-पुढे नेत राहिले, शेवटी माउस त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, आणि ज्या मात्रेवर त्यांची बोटे वरच्या सुरांकडे सरकली होती त्या चौकटीवर बरोबर थांबले.